डावा कान

बागणीकर सरांच्या कपाटात फ्लॉरेन्स होतं.
अख्खं नव्हतं.
एक नाक, एक डोळा, ओठांची जोडी
आणि हा डावा कान, प्लास्टरचा,
पाळीमागं कुठल्यातरी जुन्या बॅचनं
पेन्सिलीनं कोरलेलं एका मुलीचं नाव.

परीक्षेआधी सर एकेक तुकडा काढायचे
देव्हाऱ्यातला टाक काढावा तसा.
स्टुलावर चादर, वर कान, खिडकी एकच उघडी.
"उजेड एका बाजूनं पाहिजे.
चारी बाजूंनी आला की दगड आंधळा होतोय."
आम्ही कोळशानं बोटं काळी करून
तासन् तास त्या वळणात शिरायचो.
पुतळ्याचा बाकीचा माणूस कसा असेल
कुणी विचारलं नाही.
एकदा फक्त इंगळ्यांचा रणजित म्हणाला,
"सर, ह्याचा कान मोडलेला न्हाई.
म्हंजे हा तालमीत गेलेलाच न्हाई कधी."
सर हसले ते चष्मा पुसेपर्यंत.
"गोफण आहे त्याच्याकडं, येड्या.
अंगाला अंग न लावता
लांबनंच चितपट केलाय त्यानं राक्षस."

सरांनी पासपोर्ट कधी काढला नाही.
तरी फळ्यावर ती नदी यायची, तिचे पूल यायचे.
सोनारांच्या दुकानांचा पूल:
"आपली गुजरी उचलून पंचगंगेवर ठेवलीय समजा."
हिरव्या-पांढऱ्या संगमरवराचं देऊळ:
"इरकलीचा काठ बघा, तसं."
आणि घुमट.
घुमटापाशी सर हळू बोलायचे.
माशाच्या काट्यासारखी विटांची वीण,
खालनं लाकडाचा टेकू नाही,
प्रत्येक वीट शेजारच्या विटेच्या भरवशावर.
खडू संपायचा. घंटा व्हायची.

मग डबा खाताना, कधीतरी,
"तिकडनं आपल्याकडं तुकडे आले.
आपला एक राजा मात्र अख्खा तिकडं राहिला.
विलायतेहून परतताना. विशीतलं पोर.
थंडीचे दिवस. दोन नद्यांच्या संगमावर चिता.
छत्री आहे म्हणे अजून."
आणि भाकरीचा तुकडा तसाच हातात.

दोन हजार एकोणीसला पंचगंगा
शुक्रवार पेठेत सरांच्या घरात शिरली.
सर नव्हते, बरं झालं.
पाणी उतरल्यावर मी गेले.
कपाट फुगलेलं, दार पहारीनं काढावं लागलं.
नाक विरघळून साबणाच्या वडीसारखं झालेलं.
डोळा फुटलेला. ओठ सापडलेच नाहीत.
कान होता. चिखलानं बुजलेला.

तबस्सुम मुल्लाणीला फोन केला.
माझी विद्यार्थिनी. आता तिकडंच असते,
जुन्या चित्रांवरची काजळी कापसानं पुसायला शिकते.
"मॅडम, धुऊ नका. ब्रश तर लावूच नका.
सावलीत ठेवा, आपोआप सुकू द्या.
इथंही आलेलं पाणी, सहासष्ट साली.
भिंतींवर रेघा मारून ठेवल्यात, कुठवर चढलं त्याच्या.
काही माझ्या डोक्यावर आहेत."
मागं सायकलची घंटी वाजली.
म्हणाली, रविवार आहे, छत्रीपाशीच आलेय,
पोरं पायरीवर बसून आईस्क्रीम खातायत.
"कुणाची छत्री, ठाऊक आहे का त्यांना?"
"विचारते थांबा," म्हणाली,
आणि मला ऐकू आली ती भाषा,
जिच्यातलं मला काहीच कळत नाही,
फक्त मधेच, सावकाश, दोनदा,
कोल्हापूर.

कान आठ दिवस जिन्याखाली पेपरवर होता.
नवव्या दिवशी उचलला
तर आतला चिखल अख्खा निसटून हातात आला,
वाळलेला, गुळगुळीत,
कानाच्या पोकळीचा नेमका आकार.
तो आम्ही कुणी काढला नव्हता.
आम्ही काठ काढले होते, सावली काढली होती.

स्टुलावर ठेवला. चिखल. कान नव्हे.
एक सोडून बाकीच्या खिडक्या लावून घेतल्या.
आता पेन्सिल शोधतेय.